'सेस्क्विपेडेलियन': हातभर शब्दांसाठी एक विशेषण

प्रश्न असा आहे. एका इंग्रजी परीक्षणात पुढील आशयाचे वाक्य आले आहे: 'आईच्या मृत्यूच्या प्रसंगातही या कादंबरीकाराचे सेस्क्विपेडेलियन गद्य मागे हटत नाही.' शब्दकोशात या विशेषणाचे दोन अर्थ मिळाले, 'दीड फूट लांबीचा' आणि 'लांबलचक शब्दांचा सोस असणारा'. या दोन अर्थांचा एकमेकांशी संबंध काय, परीक्षणकर्त्याने याच ठिकाणी हा दुर्मीळ शब्द का योजला, आणि मराठीत त्याला काय म्हणावे?

थोडक्यात उत्तर असे की पहिला अर्थ मूळचा आहे आणि दुसरा त्याच्यावर रचलेला विनोद आहे. आज इंग्रजीत हे विशेषण जवळजवळ नेहमी दुसऱ्याच अर्थाने येते. ते एखाद्या शब्दाला लावता येते, एखाद्याच्या शैलीला लावता येते आणि तशी शैली असणाऱ्या माणसालाही लावता येते. उच्चारताना आघात 'डे' या अक्षरावर द्यावा. मात्र एवढ्या उत्तराने परीक्षणातले वाक्य खऱ्या अर्थाने कळत नाही, कारण त्यातला मृत्यूचा प्रसंग आणि हे विशेषण यांचे नाते दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका लॅटिन ओळीत जुळलेले आहे. अनुवाद करताना आणि शिकवताना मला वारंवार असे दिसले आहे की ती ओळ माहीत नसली, तर या शब्दाचा वापर केवळ विद्वत्तेचे प्रदर्शन वाटतो.

आधी शब्दाची फोड पाहू. लॅटिनमध्ये 'सेमिस' म्हणजे अर्धा आणि 'क्वे' म्हणजे 'आणि'. हा 'क्वे' संस्कृतातील 'च' प्रमाणे शब्दाच्या मागे जोडला जातो, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने 'क्वे' व 'च' हे एकाच मुळाचे आहेत. 'सेमिस-क्वे' हे आकसून 'सेस्क्वि' झाले. त्याचा शब्दशः अर्थ 'आणि अर्धा' एवढाच आहे. आधीचा 'एक' गृहीत धरलेला आहे. पुढचा 'पेस' म्हणजे पाऊल, आणि तो संस्कृत 'पाद' या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. आपल्याकडेही अपूर्णांक सांगण्याची रीत याच वळणाची आहे. 'स-अर्ध', म्हणजे अर्ध्यासह, यातून 'सार्ध' आणि पुढे मराठी 'साडे' आले; 'सपाद', म्हणजे चतुर्थांशासह, यातून 'सव्वा' आले. दीडशे वर्षांच्या उत्सवाला आपण 'सार्धशती' म्हणतो, त्यालाच इंग्रजीत 'सेस्क्विसेंटेनियल' म्हणतात. 1857 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने 2007 मध्ये दीडशे वर्षे पूर्ण केली, तेव्हा हे दोन्ही शब्द एकाच घटनेला लागू होते. रसायनशास्त्रातही हा उपसर्ग जिवंत आहे. टर्पीन वर्गातील मूळ संयुगात कार्बनचे दहा अणू धरतात, म्हणून पंधरा अणू असणाऱ्या संयुगांना सेस्क्विटर्पीन म्हणतात. चंदन, वाळा आणि आले यांच्या सुगंधी तेलांत ती सापडतात.

'सेस्क्विपेडालिस' हे लॅटिन विशेषण मुळात गवंड्यांचे आणि सुतारांचे आहे. रोमन फूट आजच्या हिशेबाने सुमारे 29.6 सेंटीमीटरचा होता, म्हणजे दीड फूट साधारण 44.4 सेंटीमीटर. रोमन बांधकामातील चौरस भाजक्या विटांचे जे ठरलेले आकार होते, त्यांतील दीड फुटी विटेला याच नावाने ओळखले जाते. ज्युलियस सीझरने इ.स.पू. 55 मध्ये ऱ्हाईन नदीवर दहा दिवसांत लाकडी पूल उभारला आणि त्याची रचना गॉलच्या युद्धाच्या वृत्तांतात लिहून ठेवली. त्यात खांबांच्या जाडीसाठी त्याने नेमके हेच विशेषण वापरले आहे. म्हणजे रोमन वाचकाच्या कानात हा शब्द पडला की त्याला वीट किंवा ओंडका दिसत असे. हे ध्यानात ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण पुढचा सगळा श्लेष या जडपणावर उभा आहे.

आता ती ओळ. होरेस या कवीने इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस काव्यकलेवर एक पद्य पत्र लिहिले, जे 'आर्स पोएटिका' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात पंचाण्णवाव्या ओळीपासून तो शोकनाट्याच्या भाषेविषयी बोलतो. त्याचे म्हणणे असे की शोकनाट्यातले पात्रही दुःखात पुष्कळदा साध्या, पायी चालणाऱ्या भाषेत बोलते. टेलेफस आणि पेलेउस हे दोघे दरिद्री आणि परागंदा झालेले असताना, प्रेक्षकाच्या हृदयाला आपल्या विलापाने स्पर्श करावा अशी त्यांची इच्छा असेल, तर ते आपल्या कुप्या आणि दीड फुटी शब्द फेकून देतात. टेलेफस हा मिसियाचा जखमी राजा, जो भिकाऱ्याच्या वेषात शत्रूच्या दारी येतो; पेलेउस हा अकिलीसचा पिता. राजे असूनही त्या क्षणी ते राजे नाहीत, आणि म्हणून त्यांच्या तोंडी राजेशाही शब्द शोभत नाहीत.

या चार ओळींत होरेसने किती कारागिरी केली आहे हे सावकाश पाहण्यासारखे आहे. 'कुपी' यासाठी त्याने 'आम्पुल्ला' हा शब्द घेतला आहे. बारीक मानेची आणि फुगीर पोटाची ही तेलाची कुपी लॅटिनमध्ये फुगवलेल्या भाषेचे चिन्ह बनली होती. इंजेक्शनच्या औषधाची काचेची अँप्यूल हे तिचेच वंशज नाव. साध्या भाषेसाठी त्याने 'पेडेस्ट्रिस' म्हटले, म्हणजे पायी चालणारी. इंग्रजीतील 'पेडेस्ट्रियन' हा शब्द पादचारी आणि नीरस अशा दोन्ही अर्थांनी येतो, तो याच घराण्यातला. मग दोनच ओळींनंतर 'सेस्क्विपेडालिया' येतो. दोन्ही शब्दांच्या पोटात तेच पाऊल आहे. एकीकडे जमिनीवर चालणारे पाऊल आहे आणि दुसरीकडे मोजपट्टीवरचे दीडपट पाऊल आहे, आणि दुःखी माणसाने कोणते निवडावे हा प्रश्न आहे. (रोमन माणसाच्या कल्पनेत पद्य वाहनावर बसते आणि गद्य पायी चालते, संस्कृतात मात्र 'पद' असलेले ते पद्य आणि नुसते बोलले जाते ते गद्य. एकाच पावलाने दोन परंपरांत विरुद्ध बाजू घेतली, हे मला नेहमी विलक्षण वाटते.)

पावलाचा तिसरा अर्थ वृत्तशास्त्रातला आहे. होरेसची ओळ सहा गणांच्या हेक्झामीटरमध्ये आहे, आणि लॅटिनमध्ये प्रत्येक गणालाही 'पेस' म्हणजे पाऊलच म्हणतात. 'सेस्क्विपेडालिया' या शब्दाची मात्रारचना गुरू-लघू-लघू, गुरू-लघू-लघू अशी होते, म्हणजे आपल्या परिभाषेत दोन भगण. तो एकटा शब्द ओळीचा चौथा आणि पाचवा गण पूर्णपणे व्यापतो. लांब शब्द टाकून द्या असे सांगताना कवीने सहा पावलांपैकी दोन पावले एकाच शब्दाला देऊन टाकली आहेत. ओळ मोठ्याने म्हणून पाहिली की तो ओंडका जिभेवरून घरंगळत जाताना जाणवतो. ज्याची निंदा करायची, त्याचाच नमुना त्या निंदेच्या वाक्यात ठेवणे हे या विशेषणाच्या जन्मापासूनचे वैशिष्ट्य आहे.

होरेस लांब शब्दांचा सरसकट विरोधक होता असा समज या ओळीवरून पसरला आहे, तो मला मान्य नाही. याच ठिकाणी, केवळ दोन ओळी आधी, तो म्हणतो की विनोदी नाटकसुद्धा कधीकधी आवाज चढवते आणि त्यातला संतापलेला बाप तोंड फुगवून गर्जतो. त्याचा मुद्दा औचित्याचा आहे. मराठी वाचकाला तो समजावून सांगण्यासाठी दूर जावे लागत नाही, कारण आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने नवव्या शतकात काश्मीरमध्ये 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्योतात, म्हणजे प्रकरणात, हीच गोष्ट समासांच्या संदर्भात मांडली आहे. रौद्रासारख्या रसात दीर्घ समास शोभतात. करुण आणि विप्रलंभ (विरहाचा) शृंगार यांत मात्र रचना समासरहितच असावी, असे तो स्पष्ट म्हणतो. त्याचे कारण वाचकाच्या अनुभवातले आहे. समास सोडवताना अर्थ निरनिराळ्या तऱ्हांनी जुळवून पाहावा लागतो, त्यामुळे रसाची प्रतीती अडते, आणि सुकुमार रसांना तो अडथळा सर्वांत जास्त बाधतो. दंडीने 'काव्यादर्शा'त 'ओजः समासभूयस्त्वमेतद्गद्यस्य जीवितम्' असे म्हणून समासांच्या विपुलतेला गद्याचे जीवित ठरवले होते, हे लक्षात घेतले म्हणजे आनंदवर्धनाच्या मर्यादेचे मोल कळते. लांबीचा गौरव करणाऱ्या परंपरेच्या आतूनच तिने शोकासाठी अपवाद केला. होरेस आणि आनंदवर्धन यांना एकमेकांची काही माहिती असण्याचा संभव नाही, तरीही दोघांनी बोट ठेवले ते एकाच जागी.

आता परीक्षणातले वाक्य पुन्हा वाचावे. 'आईच्या मृत्यूच्या प्रसंगातही' हे शब्द तेथे सहज आलेले नाहीत. परीक्षणकर्ता होरेसची अट आठवून म्हणत आहे की टेलेफस आणि पेलेउस यांनी जे फेकून दिले, ते या लेखकाला फेकता आले नाही. हे एका विशेषणात बसवलेले गंभीर साहित्यिक मत आहे.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला. इंग्रजीतले घरगुती शब्द बहुधा आखूड आणि जर्मेनिक मुळाचे, तर विद्वत्तेचे शब्द लांब आणि लॅटिन-ग्रीक मुळाचे असतात, त्यामुळे त्या भाषेत शब्दाची लांबी ही शिक्षणाची आणि सामाजिक दर्जाची खूणही बनली. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या शब्दकोशात जाळे या साध्या वस्तूची व्याख्या करताना 'रेटिक्युलेटेड', 'डेकसेटेड' आणि 'इंटरस्टिसेस' असे शब्द एका ओळीत आणले, आणि ती व्याख्या तेव्हापासून या शैलीचा नमुना म्हणून दाखवली जाते. अशा भाषेत 'सेस्क्विपेडेलियन' या शब्दाला आणखी एक गुण लाभला. लॅटिन श्रोत्याला तो विटेचा ओळखीचा शब्द होता. इंग्रजी वाचकाला तो चौदा रोमन अक्षरांचा, सहा उच्चारखंडांचा, परका आणि अवघड वाटणारा शब्द आहे. म्हणजे तो ज्या दोषाचे नाव आहे, तो दोष त्याच्या स्वतःच्या अंगावर आहे. होरेसच्या ओळीत वृत्ताने जे साधले, ते इंग्रजीत नुसत्या शब्दाच्या उपस्थितीने साधते. जो हे विशेषण दुसऱ्यावर फेकतो, तो त्या क्षणी स्वतःही तसाच बोलतो, आणि हे दोघांनाही ठाऊक असते. म्हणून या शब्दातली टीका बहुधा बोचरी नसते. तीत समानधर्म्याची थट्टा असते.

स्वतःला लागू पडणाऱ्या अशा शब्दांचा विचार तर्कशास्त्रानेही केला आहे. कुर्ट ग्रेलिंग आणि लेओनार्ड नेल्सन यांनी 1908 मध्ये विशेषणांचे दोन वर्ग पाडले: जी स्वतःचे वर्णन करतात ती आणि जी करत नाहीत ती. मग दुसऱ्या वर्गाचे जे नाव, ते स्वतः कोणत्या वर्गात घालायचे असा प्रश्न केला की दोन्ही उत्तरे स्वतःलाच खोडून काढतात. मराठीत पहिल्या वर्गाची उदाहरणे सहज मिळतात. 'दीर्घ' या शब्दातील 'दी' दीर्घ आहे, आणि 'ऱ्हस्व' या शब्दातील दोन्ही स्वर ऱ्हस्व आहेत, जरी पुढच्या जोडाक्षरामुळे वृत्तात त्यांतला पहिला गुरू मोजला जातो. याहून देखणे उदाहरण मंगलाष्टकांच्या वृत्ताचे आहे. शार्दूलविक्रीडित वृत्ताच्या एकोणीस अक्षरांत बाराव्या अक्षरानंतर यती, म्हणजे विराम, येतो आणि सात अक्षरे उरतात. 'शार्दूलविक्रीडित' हे नावही सात अक्षरांचे आहे आणि त्याचा लघुगुरुक्रम त्या शेवटच्या सात अक्षरांशी तंतोतंत जुळतो. वृत्ताचे नाव त्या वृत्ताचाच तुकडा आहे. लग्नात अक्षता टाकताना ज्यांनी मंगलाष्टके ऐकली आहेत, त्यांना 'सेस्क्विपेडेलियन'मधला आनंद कोणत्या जातीचा आहे हे वेगळे सांगावे लागू नये.

शब्दाची लांबी शरीराच्या मापाने मोजण्याची गंमत शेक्सपिअरनेही केली आहे. 1598 मध्ये छापल्या गेलेल्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट' या नाटकाच्या पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात लॅटिन झाडणारे पंडित जमलेले असताना कॉस्टर्ड हे गावंढळ पात्र मॉथ या चिमुरड्या नोकराला म्हणतो की तुझ्या मालकाने तुला शब्द समजून अजून गिळले कसे नाही, कारण 'ऑनोरिफिकॅबिलिट्यूडिनिटॅटिबस' या शब्दापेक्षा तू एका डोक्याने आखूडच आहेस. हा सत्तावीस रोमन अक्षरांचा शब्द खरोखरीच मध्ययुगीन लॅटिनमधला आहे आणि त्यात व्यंजन व स्वर आळीपाळीने येतात. येथे 'सेस्क्विपेडेलियन' हा शब्द कोठेही आलेला नाही, पण त्याचा अर्थ रंगमंचावर उभा आहे. याउलट, लांब शब्दांच्या भीतीचे नाव म्हणून जो 'हिप्पोपोटोमॉन्स्ट्रो...' असा सुरू होणारा आणि 'सेस्क्विपेडेलिओफोबिया'ने संपणारा अगडबंब शब्द फिरतो, तो वैद्यकातला मान्य शब्द नाही. पाणघोडा आणि राक्षस यांची लॅटिन-ग्रीक नावे पुढे चिकटवून तो थट्टेसाठी घडवलेला आहे. आपल्याकडे रेल्वेच्या सिग्नलला प्रतिशब्द म्हणून 'अग्निरथगमनागमन...' असा सुरू होणारा शब्द निरनिराळ्या रूपांत सांगितला जातो, तोही याच कुळातला. दोन्ही शब्द खरे पारिभाषिक शब्द म्हणून उद्धृत करू नयेत.

जवळच्या इंग्रजी विशेषणांशी याची गल्लत होते, म्हणून तेही सांगतो. 'व्हर्बोज' म्हणजे ज्यात शब्दांची संख्या जास्त आहे; 'प्रोलिक्स' म्हणजे जे पाल्हाळाने कंटाळवाणे होते; 'बॉम्बॅस्टिक' म्हणजे ज्यात पोकळ फुगवटा आहे, आणि त्या शब्दाच्या मुळाशी कपड्यांत भरण्याचा कापूस आहे. 'सेस्क्विपेडेलियन' मात्र एकेका शब्दाच्या लांबीविषयी बोलते. पाच शब्दांचे वाक्यही सेस्क्विपेडेलियन असू शकते आणि पाच पानांचे पाल्हाळ नसूही शकते.

हा भेद मराठी प्रतिशब्द निवडताना निर्णायक ठरतो. 'शब्दबंबाळ' हा शब्द सर्वप्रथम सुचतो, पण तो शब्दांच्या गर्दीविषयी आहे. 'बोजड' आणि 'जडजंबाळ' यांत वजन आहे, लांबी नाही. 'पल्लेदार' हे वाक्याचे विशेषण आहे आणि ते बहुधा कौतुकाने येते. 'पंडिती' जवळ पोहोचते, परंतु त्यात माप नाही, आणि मापाशिवाय या शब्दाचा विनोद उरत नाही.

माझे ठाम मत 'हातभर' या शब्दाच्या बाजूने आहे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात म्हणजे दोन विती, चोवीस अंगुळे, आणि इंग्रजी मापात अठरा इंच, म्हणजे नेमका दीड फूट. रोमन लोकांच्या मापातही एक हात बरोबर दीड पावलाचा होता. त्यामुळे 'हातभर शब्द' हे केवळ भावाने जवळ जाणारे रूपांतर नाही, ते मापानेही अचूक आहे. शिवाय मराठीत 'हातभर' हे मोजमाप कमी आणि तक्रार जास्त असते. हातभर यादी म्हटले की ती कोणी मोजत नाही. ती नको इतकी लांब आहे एवढे कळते. 'हातभर लाकूड, दहा हात ढलपी' या म्हणीत तर अवास्तव विस्ताराची निंदा लाकडाच्या मापानेच केली आहे, आणि सीझरचे दीड फुटी खांब आठवले म्हणजे ही म्हण होरेसलाही कळली असती असे वाटते. संतसाहित्यात मानवी देह औट हातांचा, म्हणजे साडेतीन हातांचा मानला जातो. कॉस्टर्डचा विनोद मराठीत आणायचा झाला, तर मॉथच्या देहाचे आणि त्या शब्दाचे माप एकाच हाताने घेता येईल.

'हातभर' वापरल्याने एक गोष्ट निश्चितच हरवते. तो शब्द स्वतः आखूड आहे, म्हणून स्वतःचे वर्णन स्वतःच करण्याचा गुण त्यात येत नाही. ज्या मजकुरात तो गुणच केंद्रस्थानी असेल, उदाहरणार्थ दोन प्राध्यापकांच्या संवादातील शाब्दिक चकमक, तेथे मी 'दीर्घसमासप्रचुर' असे म्हणेन. मराठीत लांब शब्द बहुधा समासानेच घडतो, आणि हे विशेषण स्वतःच एक समास आहे, त्यामुळे बोलणारा त्याच्याच जाळ्यात सापडतो. दोन्ही गुण एकाच मराठी शब्दात आणण्याचा अट्टाहास करू नये; प्रसंग पाहून एक निवडावा.

परीक्षणातील वाक्यात मृत्यूचा प्रसंग आहे आणि होरेसच्या ओळीतील 'फेकून देणे' ही क्रिया अर्थाच्या मुळाशी आहे, म्हणून तेथे समासाची चमत्कृती नको आणि क्रियापद हातातून वस्तू सोडण्याचे हवे. ते वाक्य मी असे लिहीन: 'आईच्या मृत्यूच्या प्रसंगातही या कादंबरीकाराच्या हातून हातभर शब्द सुटत नाहीत.'